आधी बघून ठेवलेला सिनेमा

सासऱ्यांना भुतं आवडायची आणि सुनेला रक्त. एवढ्याशा फरकाने घरात काय बिघडणार, असं कुणालाही वाटेल. लग्नानंतर बरेच दिवस काही बिघडलंही नाही. उलट शनिवारी संध्याकाळी सासरा आणि सून पडदे ओढून, दिवे मालवून, एकाच सोफ्यावर बसून भीतीचे सिनेमे बघतात, या गोष्टीचं नातेवाइकांत कौतुकच होतं. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, तेवढा स्वयंपाकघरात बसायचा. तो औषधांच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून यायचा आणि बाहेरून किंकाळी आली की वर्तमानपत्र घट्ट धरून म्हणायचा, "आवाज कमी करा जरा. शेजारी पोलीस बोलावतील."

सासऱ्यांचं सलून होतं. सगळा जन्म लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरण्यात गेला आणि अभिमान एकच, की रक्त काढलं नाही. तुरटीचा एकच खडा त्यांना वर्षानुवर्षं पुरला होता. नवीन गिऱ्हाईक आलं की ते तो खडा दाखवायचे. गिऱ्हाईक हसायचं आणि मान जरा सैल सोडायचं. त्यामुळे पडद्यावर रक्त दिसलं की त्यांना आधी भीती वाटायचीच नाही, लाज वाटायची. कुणाचं तरी काम डोळ्यांदेखत चुकतंय आणि आपण नुसतं बघत बसलोय, अशी. मग ते तोंड धुवायला उठायचे.

"घाबरवायचं ना? मग दार उघड," ते म्हणायचे. "नुसतं दार. आत कोण आहे ते सांगू नकोस. ज्याला दार उघडून घाबरवता येत नाही, तोच बादल्या ओतत बसतो."

सूनबाई मान डोलवायची. खरं तर उघडलेल्या दाराने तिला जांभई यायची. ती चष्म्याच्या दुकानात होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या, आरसा धरायचा आणि मऊ आवाजात विचारायचं, "कानामागे टोचत नाही ना? इथे दाबत नाही ना?" दिवसभर कुणाला काही टोचू नये म्हणून जपणाऱ्या या बाईला बुधवारच्या सुट्टीत मात्र कुऱ्हाड लागायची. दुपारी सासरे त्यांच्या जुन्या सलूनमध्ये गप्पा मारायला गेले की ती पडदे ओढायची, पाय पोटाशी घ्यायची आणि तिच्या मनासारखा सिनेमा लावायची. हात तुटायचे, डोकी फुटायची, आणि एखादं दृश्य फार जमलंय असं वाटलं की ती मागे नेऊन पुन्हा बघायची. नंतर गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालायची. इतकी हलकी ती आठवड्यात दुसऱ्या कधी नसायची. का, हे तिला सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारणारही नव्हतं, कारण तिला हे आवडतं, हेच कुणाला माहीत नव्हतं.

माहीत होतं ते फक्त दुकानातल्या काचवाल्याला. तो मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता कापाकापीवर व्याख्यान द्यायचा. त्याची मतं पक्की होती. संगणकावर केलेलं रक्त त्याला चालायचं नाही. "ते रक्त नाही, सरबत आहे. माणसाने हाताने बनवलेला तुटका पाय बघ, त्यात जीव ओतलेला असतो." आणि आणखी एक. बाईला बांधून ठेवून तिचे हळूहळू हाल करतात, तसले सिनेमे तो बघायचा नाही. "तिथे मारणाऱ्याच्या खांद्यावर कॅमेरा बसलेला असतो गं. आपण त्याच्या बाजूने बघतो. मला नंतर माझंच तोंड बघवत नाही."

"हो ना," सूनबाई म्हणायची आणि डब्यातला शेवटचा घास उगाच चावत राहायची. तसलेही ती बघायची. काचवाल्याला वाटत होतं की त्याने जिथे रेघ मारली तिथेच तिचीही आहे. म्हणजे जो एकटा तिला ओळखत होता, त्याच्यापासूनही तिने एक खोली बंद ठेवली होती.

घरातलं खोटं मात्र फार साधेपणाने सुरू झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी दोघं एक भुताचा सिनेमा बघत होती. सूनबाईने तो आधी दोनदा बघितला होता. जिन्यावरचा माणूस खाली वाकला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, डोळे मिटा."

बाबांनी मिटले. तेवढ्यात जिन्यावर जे व्हायचं ते झालं. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

खरं सांगायला फक्त एक वाक्य पुरलं असतं. पण नवं घर, नवे सासरे, आणि समोर कौतुकाने बघणारे ते डोळे. ती म्हणाली, "मी आधी बघून ठेवला होता. तुम्हाला रक्ताचा त्रास होतो असं हे म्हणाले, म्हणून."

बाबांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून रिमोट तिच्या हातात आला. दर शनिवारी ती रक्ताच्या नेमकं आधी सिनेमा पुढे ढकलायची आणि रक्त संपलं की सोडायची. तिचं बोट इतकं तयार झालं की बाबांना लाल थेंबही दिसत नसे. आणि बाबा जिथे जातील तिथे सांगत सुटले, "आमची सून माझ्यासाठी सगळी घाण आधी स्वतः बघते. बुधवारी एकटी बसून. मला तांदूळ निवडून द्यावेत तसा स्वच्छ सिनेमा मिळतो."

सलूनमध्ये सांगितलं, बागेतल्या बाकावर सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. सूनबाई हे ऐकून कानकोंडी व्हायची. लोकांना तो विनय वाटायचा आणि तिचा भाव आणखी वाढायचा. नवरासुद्धा एकदा म्हणाला, "बाबांसाठी तू जे करतेस ते मला जमलं नसतं." ती त्यावर भांडी विसळायला निघून गेली. भांडी आधीच विसळलेली होती.

मग एका रविवारी संध्याकाळी आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. ही बाई घरात शिरली की प्रत्येकाच्या पदरात काहीतरी घालून जायची, बहुधा टोमणा. बाबांनी चहासोबत त्यांना सुनेची कथा पुन्हा ऐकवली. आत्याबाईंनी कप खाली ठेवला.

"दादा, ती तुझ्यासाठी एवढं बघते. मग तू तिच्यासाठी काय बघतोस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पोर सुट्टीच्या दिवशी एकटी बसून मुडदे बघते, आणि तू इथे पाय पसरून भुताची मजा घेतोस. तिला स्वप्नं पडत नसतील? कधी विचारलंस?"

"आत्या, मला काही होत नाही," सूनबाई घाईघाईने म्हणाली.

"बघ," आत्याबाई म्हणाल्या. "वर म्हणते काही होत नाही."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी सुनेकडे असं बघितलं की जणू आज पहिल्यांदाच ती त्यांना दिसत होती. आत्याबाई गेल्यावर सूनबाईने दोनदा चहाचं विचारलं. दोन्ही वेळा "नको" म्हणाले.

त्या आठवड्यात गुरुवारी दुपारी दुकानात नवऱ्याचा फोन आला. "तू येतेस का घरी? बाबांना काहीतरी झालंय. मी आलोय. उलट्या झाल्यात."

ती एका आजींच्या नाकावर चष्मा बसवत होती. तो तसाच काचवाल्याच्या हातात देऊन ती निघाली. वाटेत तिने मनातल्या मनात सगळे आजार मोजले. सिनेमा त्यांत नव्हता.

घरी पडदे ओढलेले होते, भर दुपारी. नवरा फरशी पुसत होता. बाबा सोफ्याच्या कोपऱ्यात बसले होते. मांडीवर रिकामं पातेलं आणि चेहरा पांढराफटक. समोर टीव्हीवर एक चित्र थांबलेलं होतं. तिने ते क्षणात ओळखलं. लाकडाच्या वखारीतला सिनेमा. एका मेलेल्या मुलीचा आत्मा वखारीत फिरतो, त्यातली भुताची बाजू खरोखर सुंदर होती, म्हणून येत्या शनिवारसाठी तिनेच तो ठरवला होता. रक्ताची तीन दृश्यं होती. तिसऱ्यात वखारीचा मालक एका बाईला करवतीच्या टेबलाला बांधतो. ते लांबलचक होतं, काचवाल्याने कधीच बघितलं नसतं असं. कालच, बुधवारी, सूनबाईने ते मागे नेऊन पुन्हा बघितलं होतं.

"बाबा, हे कशाला लावलंत?"

बाबांनी तोंड पुसलं. त्यांच्या आवाजात थकवा होता, पण एक लहान मुलासारखा आनंदही होता, आणि तोच तिला सहन झाला नाही.

"सगळा बघितला," ते म्हणाले. "तिन्ही ठिकाणं लक्षात ठेवली. ती मुलगी कंदील खाली ठेवते, की लगेच पहिलं. कुत्रं भुंकायचं थांबतं, की दुसरं. तिसरं त्या मालकाने दाराला कडी लावली की सुरू होतं, आणि ते फार वेळ चालतं. आता शनिवारी रिमोट माझ्याकडे. तू नुसतं बसायचं."

"मी तो आधीच बघितलाय, बाबा."

"माहितीये. या वेळी तुला बघावा लागलाच. पण शनिवारी पुन्हा तरी बघायला लागणार नाही. आणि पुढच्यापासून आधी मी बघणार. मीच आधी बघायला हवं होतं. मी म्हातारा, मला स्वप्नं पडली तर पडली. तुझ्यावर हे टाकलं, त्याची मला लाज वाटते."

लाज त्यांना वाटत होती. सूनबाईला वाटलं, जमीन दुभंगावी. नवरा हातात फडकं घेऊन उभा होता, त्याचे डोळे भरून आलेले. ती सोफ्यापाशी खाली बसली. आता बोललं नाही तर हा माणूस दर आठवड्याला पातेलं मांडीवर घेऊन बसणार होता. हे तिला अगदी स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, ऐका ना. मला त्रास होत नाही."

"तू असंच म्हणणार."

"नाही. खरंच सांगते. मला..." तिने त्यांच्या मांडीवरचं पातेलं बाजूला ठेवलं. "मला ते आवडतं. रक्ताचं. मी माझ्यासाठी बघते. तुम्ही नसतात तरी बघितलं असतं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. नवराही. मग बाबा हळूच हसले आणि तिच्या गालावर दोन बोटं टेकवली.

"हे?" टीव्हीकडे हनुवटी करून ते म्हणाले. "हे तुला आवडतं? तू? अगं, परवा माशी मारायची होती तर तू खिडकी उघडलीस. माझ्या मनावर ओझं राहू नये म्हणून काहीही बोलशील. तुला खोटं बोलता येत नाही, पोरी."

"नाहीच येत," नवरा नाक ओढत म्हणाला.

आणि सूनबाईला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं, श्वास मोकळा झाला. सांगूनही झालं आणि मानही राहिला. पुढच्याच क्षणी त्या मोकळ्या श्वासाची तिला इतकी शरम वाटली की ती उठून आत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. आणखी एकदा सांगता आलं असतं. पुरावा तर समोरच होता, कुठलं दृश्य कितीदा मागे नेलं ते तिला बोटांवर मोजून दाखवता आलं असतं. तिने टॉवेलने तोंड पुसलं आणि बाहेर येऊन विचारलं, "लिंबूपाणी करू का?"

शुक्रवारी तिने काचवाल्याला सांगितलं. थोडं गाळून. तो डबा उघडायचा थांबला.

"आणि तू गप्प बसलीस?"

"सांगितलं मी. त्यांना पटलं नाही."

"पटलं नाही की तू पटवलं नाहीस?" तो म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की आपण जास्त बोललो. "जाऊ दे. कुठला सिनेमा होता?"

तिने वखारीचं सांगितलं नाही. दुसऱ्याच एका सिनेमाचं वर्णन केलं, ज्यात हाताने बनवलेले तुटके पाय होते.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि रिमोट घेऊन सोफ्यावर बसले. परीक्षेला बसल्यासारखे. सूनबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसली. मुलगा स्वयंपाकघरात गेला आणि आज वर्तमानपत्राऐवजी भाजी निवडायला घेतली, म्हणजे हाताला काम राहील.

सिनेमा सुरू झाला. वखारीत धुकं होतं आणि लाकडाच्या थप्प्यांमागून मुलीचा फ्रॉक दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. इतर वेळी बाबा इथे खुशीत येऊन गुडघ्यावर थाप मारायचे. आज त्यांचं भुताकडे लक्षच नव्हतं. अंगठा बटणावर आणि ओठ पुटपुटत होते. मुलीने कंदील खाली ठेवला. बाबांनी बटण दाबलं, चित्रं धावली, आणि थांबली तेव्हा पडद्यावर सकाळ झालेली होती.

"जमलं," ते म्हणाले.

कुत्रं भुंकायचं थांबलं. पुन्हा बटण. पुन्हा जमलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर असं समाधान की सूनबाईने नजर पडद्याकडे वळवली. बाबा, पुरे, बंद करा, एवढं तरी म्हणायला हवं, असं ती स्वतःला सांगत होती. सांगत होती, आणि त्याच वेळी तिचं लक्ष कडीकडे लागलं होतं. मालक आता दाराकडे जाईल, मग वळेल, मग कडी. हे तिचं तिला कळत होतं.

मालकाने कडी लावली.

बाबांनी बटण दाबलं. घाईत भलतंच दाबलं गेलं. चित्र पुढे न जाता आवाज वाढला. त्यांनी पुन्हा दाबलं, आवाज आणखी वाढला. पडद्यावर दोरी आली. रिमोट त्यांच्या हातातून निसटला आणि सोफ्याखाली गेला.

"बघू नकोस," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवला.

कपाळावरचे केस कापताना ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर असाच हात धरायचे, केस डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून. हलका, पण घट्ट. हाताला साबणाचा वास होता. दुसऱ्या हाताने त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून तिचा कान झाकला. स्वतःसाठी त्यांच्याकडे हात उरला नव्हता. डोळे मिटता आले असते. पण संपलं कधी ते कळायला कुणीतरी बघायला हवं होतं. ते बघत होते. त्यांचा श्वास अडखळत होता आणि घशातून मधूनच एक बारीक आवाज येत होता, लहान मुलाला ताप आल्यावर येतो तसा.

कात्री धरून धरून त्यांच्या बोटांचे सांधे जाड झाले होते. बोटं एकमेकांना पुरती चिकटत नसत. मधल्या दोन बोटांत एक फट राहिली होती.

सूनबाईने डोळे उघडले. मिटलेले होतेच कुठे. फटीतून टेबल दिसत होतं, टेबलाची कड, बाईची मनगटं. तिला वाटलं, आता मिटावेत. नुसत्या पापण्या तर होत्या. तिच्या डोक्याशी एक म्हातारा माणूस थरथरत होता, तिच्यासाठी, आणि तिने मान अगदी थोडी, त्याला कळणार नाही इतकी, डावीकडे केली. आता सगळं नीट दिसलं. ती शेवटपर्यंत बघत राहिली.

मग करवत थांबली. वखारीत पाऊस पडू लागला. बाबांनी हात काढला. त्यांचे गाल ओले होते.

"संपलं," ते म्हणाले. "फार वाईट होतं गं. दिसलं नाही ना काही?"

"नाही, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि भिंतीला धरत धरत बाथरूममध्ये गेले. आत नळ सुरू झाला. भाजीचं ताट बाजूला ठेवून मुलगा त्यांच्यामागे धावला. सूनबाई रिमोट काढायला सोफ्याखाली वाकली. रिमोट हाताला लागला, आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती तशीच, जमिनीला कपाळ टेकून, वाकलेली राहिली.